चेंबर

इंजिनाच्या पार तळाशी, रस्त्याच्या सगळ्यात जवळ, हा बसलेला असतो. अंगावर काळी चिकट धूळ, पॅकिंगच्या कडेनं पाझरलेल्या ऑइलची ओल, खाली ड्रेनचा एक नट. बॉनेट उघडून कौतुक करणाऱ्यांना तो दिसत नाही. पण डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर एखादी गाडी रॅम्पवर चढली, की मेकॅनिक आधी त्याच्यावर बॅटरीचा झोत टाकतो. हा ऑइल चेंबर. लहान गाडीचं तीन-चार लिटर ऑइल सांभाळणारा. पंप त्याच्या पोटातून ऑइल उचलून बेअरिंगांना पोचवतो आणि तापलेलं ऑइल पुन्हा त्याच्याकडेच निथळून येतं.

कारखान्यातून आलेल्या गाडीत तो निमूट असतो. त्याचा खरा स्वभाव कळतो तो हातानं गाडी बांधणाऱ्याला. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडता यायची. त्याच घाटाची रोडस्टर आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं केली. अंग फायबरचं, इंजिन १.८ लिटरचं इसुझू. उंच गाडीसाठी घडलेलं इंजिन अशा जमिनीलगतच्या सांगाड्यात उतरवायला निघालं, की पहिला हट्ट चेंबर धरतो.

कुणाचं पोट पुढे, कुणाचं मागे. नेमका तिथेच सांगाड्याचा आडवा दांडा, म्हणजे क्रॉसमेंबर, आला तर इंजिन माउंटिंगवर टेकतच नाही. इंजिन वर घ्यावं तर बॉनेट बंद होत नाही. चेंबर कापून उथळ करावा तर ऑइल मावत नाही. मग तो बाजूंनी रुंद करावा लागतो आणि ऑइल ओढणारी जाळीही तेवढीच वर घ्यावी लागते.

दुसरा हट्ट वळणावरचा. बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की ऑइलची पातळी ४५ अंशांत कलते. ऑइल एका भिंतीवर चढतं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात. म्हणून जाळीभोवती पत्र्याचे आडोसे वेल्ड करायचे.

तिसरा प्रश्न धातूचा. ॲल्युमिनियमचा चेंबर ताठ असतो, उष्णता झटकन सोडतो. पण दगड लागला की तडकतो आणि ऑइल रस्त्यावर. पत्र्याचा चेंबर मार सोसतो, पोचा घेतो. मात्र पोचा खोल गेला तर जाळी तळाला चिकटते. बाहेर थेंब गळत नाही, डिपस्टिकवर पातळी ठीक दिसते आणि आत इंजिन उपाशी मरतं. पत्र्याच्या चेंबरवर पोचा दिसला की तो खोलून बघायलाच हवा.

नियमानुसार बांधलेला गतिरोधकही १० सेंटिमीटर उंच असतो. पावसाळ्यात ठाण्याच्या मानपाड्यावरून घोडबंदर रोडनं निघा, नाहीतर डोंबिवलीच्या मानपाड्यावरून शिळफाट्याकडे. खड्ड्यांना तर नियमच नाही. म्हणून आपल्या रस्त्यांसाठी माझा कौल पत्र्याच्या चेंबरला: उथळ, रुंद, आत आडोसे, खाली जाड गार्ड, आणि तळ सांगाड्याच्या खालच्या नळीपेक्षा वरच. गाडी बांधायची असेल तर इंजिनाचा सौदा करायला जाताना खिशात टेप ठेवा. हॉर्सपॉवर नंतर विचारा, आधी चेंबर मोजा.