एका क्रियापदाचे देणे

आमच्या शेजारच्या वाड्यात गेल्या वर्षी एक व्हिएतनामी भिक्खुणी राहायला आली. पुण्याच्या विद्यापीठात पाली शिकायला. पोषाख तपकिरी, डोके मुंडलेले, आणि चेहऱ्यावर असे हसू की पाहणाऱ्यालाच आपण उगाच कपाळाला आठ्या घालून हिंडतो असे वाटावे. पाली तिला चांगले येई. इंग्रजीपाशी मात्र गाडे अडे. कुणीतरी तिला सांगितले, ‘पलीकडच्या बाई शाळेत इंग्रजी शिकवतात.’ झाले! एका संध्याकाळी वही घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

तिच्या देशात शिक्षिकेला ‘को’ म्हणतात. हाच शब्द आत्याला, आणि भिक्खुणीलाही हीच हाक. म्हणजे मी तिची ‘को’ आणि ती माझी ‘को’! पहिल्याच दिवशी आमचे नाते असे फिटंफाट झाले.

वहीत तिने एकच शब्द पानभर लिहून आणला होता – ‘टेक’. तिच्या कोशात त्याचा पहिला अर्थ होता ‘घेणे’. त्या अर्थाचा त्यांचा शब्द माझ्या कानाला जवळजवळ ‘लय’ असा ऐकू आला. मी म्हटले, ‘आमच्या गावाकडेही लय आहे, पण त्याचा अर्थ पुष्कळ!’ तिला तो विनोद समजावून सांगता सांगता चहा निवला.

पण तिची अडचण विनोदाची नव्हती. इंग्रज माणूस औषध ‘टेक’ करतो, बस ‘टेक’ करतो, फोटो ‘टेक’ करतो, आंघोळही ‘टेक’ करतो. व्हिएतनामी माणूस औषध पितो, मग ती कोरडी गोळी का असेना. बसने जातो. फोटोला आणि आंघोळीला त्याच्याकडे आपापली स्वतंत्र क्रियापदे आहेत. म्हणून तिने लिहिले होते, ‘मी गोळी प्याले.’ मी हसू दाबले; कारण आमच्या वर्गातली मुले ‘फोटो काढला’ याचे इंग्रजी असे काही करतात, की भिंतीवरची तसबीर कुणी खिळ्यावरून उतरवली असे वाटावे. जो तो आपल्या घरचे क्रियापद बरोबर घेऊन परक्या गावी जातो आणि तिथे फसतो.

तिच्या भाषेला काटकसर ठाऊक नाही असे मात्र नव्हे. क्रियापदाचे रूप तिथे काळाप्रमाणे बदलतच नाही. काल-आज-उद्या दाखवायला आधी एखादा लहानसा शब्द ठेवला की भागते. त्यामुळे ‘टेक’चे ‘टुक’ आणि ‘टेकन’ होते हे तिला इंग्रजांचे निव्वळ खूळ वाटे. पण ओझे न्यायचे म्हटले की तीच भाषा सढळ होते. डोक्यावरून नेणे वेगळे, खांद्यावरून वेगळे, कावडीने वेगळे, पाठुंगळी वेगळे, लेकराला कडेवर घेऊन जाणे वेगळे! इंग्रज या सगळ्याला खुशाल ‘टेक’ म्हणून मोकळा होतो.

मी तिला सांगितले, ‘टेक’ ही एकत्र कुटुंबातली थोरली सून आहे. ती एकटी कोण, असे विचारू नये. कुणाची वहिनी, कुणाची काकू, कुणाची मामी; बरोबर कोण उभे आहे ते पाहून तिला ओळखावे. ‘ऑफ’ बरोबर असले तर विमान उडते, नाहीतर पायातली चप्पल निघते. ‘आफ्टर’ बरोबर असले तर मुलगा बापाच्या वळणावर जातो. ‘प्लेस’ बरोबर असले तर लग्नकार्य पार पडते. शब्द सुटा पाठ करू नये, सोबतीसकट करावा.

हा उपाय तिला पटला. मलाही मग या सुनेचे माहेर शोधायचा नाद लागला. कोश चाळताना कळले, की ‘टेक’ मुळी इंग्रजांचा नव्हेच! उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांचा तो शब्द. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द ‘निमन’. तो मागे पडला, आणि बधिर या अर्थाच्या ‘नम’ या शब्दात तेवढी त्याची खूण राहिली. बधिर म्हणजे ज्याची जाणीव घेतली गेली तो. घेणे या अर्थाचा शब्दच इंग्रजांनी दुसऱ्याकडून घ्यावा, ही केवढी मौज!

मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘आमची लिपीसुद्धा अशीच आलेली.’ ते खरेच आहे. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहितात. ती पद्धत ख्रिस्ती पाद्र्यांनी बसवली, आणि त्यांतल्या अलेक्झांड्र द ऱ्होड्स यांचा कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. मला आपले फादर स्टीफन्स आठवले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रोमन अक्षरांतच छापले गेले होते. आम्ही तो पाहुणा पाहुणाच ठेवला. त्यांनी त्याला घरात घेतले.

मग पाली आणि मराठी यांच्या गाठी पडल्या. तिचे ‘गण्हाति’ आणि माझे ‘घेणे’ एकाच आजीची नातवंडे. ‘टेक फॉर ग्रांटेड’ला आम्ही ‘गृहीत धरणे’ म्हणतो, आणि त्या ‘गृहीत’चा अर्थही मुळात ‘घेतलेले’च, हे सांगताच तिने वहीत मोठी चौकट आखली.

चौकटीत खरे तर मी सापडले होते. माझ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या, वर्गात खडू हाती धरूनही वीस वर्षे होत आली. बाई निदान पदवीधर असतील, असे सगळे गृहीत धरतात, आणि मी ते धरू देते. मी दहावी झाले आणि पुढच्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचे करणारे दुसरे कुणी नव्हते. कॉलेज सुटले ते सुटलेच.

एका संध्याकाळी परीक्षेचा धडा निघाला. मराठीत मुले परीक्षा देतात आणि मास्तर घेतात; इंग्रजीत नेमके उलटे. मास्तर देतो, मुले ‘टेक’ करतात. तिच्या भाषेत देणेही नाही, घेणेही नाही. परीक्षेला बसण्याचे एक वेगळेच लहानसे क्रियापद. वाक्ये बनवता बनवता तिने सहज विचारले, ‘को, तुम्ही शेवटची परीक्षा कधी टेक केली?’

मी खरे ते सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही परक्या भाषेत. आपल्या भाषेत ते सांगायला जीभ रेटली नसती. वर असेही बोलून गेले, की आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी बाहेरून बारावीला बसण्यासाठी सतरा नंबरच्या अर्जाची माहिती मला दोनदा लिहून दिली. दोन्ही कागद कपाटात पडून आहेत.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या पाच शीलांतले दुसरे असे, की न दिलेले घेऊ नये. दिलेले घेतले नाही तर काय, याबद्दल त्यात काही नाही.’ आणि हसून पुढे म्हणाली, ‘पण को, ज्याने दिले त्याचा हात तसाच पुढे राहतो ना?’

तिच्याकडून शिकवणीचे पैसे मी घेत नव्हते. देणारी मीच, अशा तोऱ्यात सहा महिने काढले होते. त्या रात्री कपाट उघडले. वरच्या कागदावर बाईंनी तळाशी लिहिले होते, ‘भरा हो एकदाचा.’

अर्ज भरला आहे. परवा करंजीचे सारण ढवळताना पुस्तक ओट्यावर उघडे होते; त्यावर साखर सांडली, म्हणून आमच्या ‘को’ने पान झटकून दिले. ती सांगत होती, त्यांच्याकडे नववर्षाचा सण ‘करत’ नाहीत, ‘खातात’. खाण्याचा त्यांचा शब्द ‘अन’. मी म्हटले, हा मात्र समजावून सांगायला नको.

फेब्रुवारीत मी परीक्षा देणार, की टेक करणार, हे अजून ठरत नाही. बसणार, एवढे नक्की.