नख अडकतं का?

दांडीत लोखंडाचं आयुष्य कमी. खिडकीचे गज, सायकलची साखळी, विहिरीवरची मोटर, कशालाच खारी हवा सोडत नाही. त्यामुळे ‘दुरुस्त करायचं की बदलायचं’ हा प्रश्न आमच्याकडे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वस्तूवर येतोच. यंदा तो बाबांच्या गाडीच्या स्टिअरिंगवर आला.

गाडी जुनी, डिझेलची. होडी विकली तेव्हा त्या पैशांतून बाबांनी सेकंड हॅन्ड घेतलेली. मी ऐरोलीला नोकरी करते, भाऊ पुण्यात. घरी दोघंच. आईला दमा आहे. रात्री तिला धाप लागली की बोईसर गाठायला हीच गाडी. भावाचं म्हणणं, ‘विकून टाका, लागेल तेव्हा टॅक्सी बोलवा.’ रात्री अडीच वाजता दांडीच्या गल्लीत कोणती टॅक्सी येणार, हे त्याने सांगितलं नाही.

महिनाभर स्टिअरिंग जड लागत होतं. बाबांचा उजवा खांदा आधीच आखडलेला. गल्लीत गाडी वळवताना ते दोन्ही हातांनी चाक ओढायचे आणि उतरल्यावर खांदा चोळत बसायचे. तक्रार मात्र नाही. फक्त पॉवर स्टिअरिंगच्या डबीत लाल तेल ओतत राहायचे. ते तेल जातंय कुठे, हे शोधायला मी सुट्टी काढली.

या गाडीची यंत्रणा हायड्रॉलिक आहे. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. आपण चाक वळवलं की खालची एक बारीक दांडी किंचित पिळली जाते, झडप उघडते आणि तेल रॅकच्या ज्या बाजूला जोर हवा तिकडे जातं. रॅक म्हणजे दात असलेला एक आडवा दांडा. तो डावी-उजवीकडे सरकतो आणि चाकं वळवतो. दांडा जिथे बाहेर येतो तिथे तेल अडवायला ऑइल सील, आणि त्यावर धूळ-पाणी अडवायला रबराचा घडीदार बूट.

बोईसरच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली, आधी पाइपांचे सांधे पुसून बघितले. ते कोरडे होते. मग डाव्या बाजूचा बूट दाबला. फाटलेल्या घडीतून लाल तेल ठिबकलं. म्हणजे सील गेलेलं.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. सील किट टाकून हाच रॅक बांधायचा: मजुरीसकट सात हजार. जुना देऊन कुणीतरी आधीच बांधलेला रॅक घ्यायचा: चौदा. किंवा नवा: चोवीस.

बाबा लगेच म्हणाले, “किट टाका.” आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. होडीची एक फळी कुजली म्हणून कुणी होडी टाकत नाही. तेवढी फळी काढतात, नवी बसवतात. पण सात हजारांवर बोट ठेवण्यामागे आणखी एक कारण होतं, ते मला दिसत होतं. सात त्यांच्याकडे होते. चोवीस म्हणजे माझ्याकडून घ्यावे लागणार होते.

माझ्या धंद्यातही हा वाद रोज चालतो. जुना कोड सुधारायचा की सगळं नव्याने लिहायचं? नेटस्केपने ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. आवृत्ती ५ कधी आलीच नाही, २००० साली थेट ६ आली, तोवर बाजार हातातून निसटला होता. ही गोष्ट सांगून आमच्याकडे ‘फेकू नका, सुधारा’ असं म्हणतात. पण कोडला गंज चढत नाही. दांड्याला चढतो. म्हणून ऑफिसचं शहाणपण इथे उपयोगाचं नव्हतं. दांडा उघडून बघणं एवढंच हातात होतं.

मिस्त्रींनी रॅक उतरवला, बूट काढला, दांडा पुसला. वरवर चकचकीत. बाबांनी चष्मा लावला आणि अंगठ्याचं नख दांड्यावरून सावकाश फिरवलं. होडीचं लाकूड घेतानाही ते असंच करायचे: सुरीचं टोक टोचून बघायचं, रुतलं तर आतून कुजलंय. डाव्या टोकाजवळ नख अडकलं. त्यांनी परत फिरवलं. परत अडकलं.

फाटक्या बुटातून खारं पाणी आत गेलं होतं. गंजाने दांड्यावर बारीक खड्डे पाडले होते, आणि तेही नेमके सील घासतं त्या पट्ट्यात. असा दांडा नव्या सीललाही कापतो. मिस्त्री म्हणाले, “खड्डे वरवरचे असते तर पॉलिशने भागलं असतं. हे खोल आहेत. किट टाकतो, पण जबाबदारी घेणार नाही.” बांधलेला रॅक चौदा हजारांत मिळत होता खरा, पण त्याच्या आतला दांडा आम्हाला बघता येणार नव्हता.

मी गप्प राहिले. हा निर्णय त्यांचा होता.

बाबांनी नख पँटला पुसलं. “आई गाडीत असेल,” ते म्हणाले. “नवा टाका.”

पुढचं काम दोन दिवसांचं. जुन्या तेलात गाळ असतो, तो नव्या झडपेत जाऊ नये म्हणून पाइप आणि डबी धुतली. तेल भरून, पुढची चाकं उचलून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत हवा काढली. मग अलाइनमेंट. परत येताना नवापूर रोडवरच्या खड्ड्यांतून बाबांनी एका हाताने गाडी वळवली आणि दुसरा हात खिडकीत ठेवला.

आता दर रविवारी ते गाडीखाली गोड्या पाण्याचा पाइप मारतात आणि वाकून दोन्ही बूट दाबून बघतात.

पैसे मी दिले. त्यावर आम्ही काही बोललो नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यात त्यांचे दोन हजार येतात. यूपीआयच्या नोंदीत एकच शब्द असतो: रॅक. पहिल्या महिन्यात ते परत पाठवायला बोट उचललं होतं. मग फोन खाली ठेवला. आणखी आठ महिने येतील.