माइल्सची वही



आजचा विषय लोणच्याचा नाही आणि पर्वातल्या उपवासांचाही नाही. विमान कंपन्यांच्या माइल्सचा आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं अमेरिकेत आहेत. आपण सहा-सहा महिने तिकडे राहून येतो, आणि तिथे एक वाक्य रोज कानावर पडतं: "आई, थांब, आधी पोर्टलवरून जाऊ दे." नातवंडांचे बूट घ्यायचे तरी पोर्टल, डायपर घ्यायचे तरी पोर्टल. हे नक्की काय असतं, असं स्वाध्यायाच्या गटातल्या बऱ्याच जणींनी मला विचारलं. दोघीतिघींनी जरा हळू आवाजात दुसरा प्रश्नही विचारला, "आपल्यात हे चालतं का गं? हा परिग्रह नाही का?" दोन्हींबद्दल लिहिते.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचा सौदा झाला की अडत्याला त्याची अडत मिळायची. पोर्टल म्हणजे नव्या जमान्याचा अडत्या, एवढंच समजा. फरक इतकाच की हा आपल्या अडतीतला थोडा वाटा गिऱ्हाइकाला परत देतो, तोही पैशात नाही, माइल्समध्ये. आपण थेट दुकानाच्या साइटवर गेलो तर दुकानाला कोणाला काही द्यावं लागत नाही. युनायटेडच्या माइलेजप्लस शॉपिंगवरून किंवा अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडव्हांटेज ईशॉपिंगवरून त्याच दुकानात गेलो, तर 'हे गिऱ्हाईक मी आणलं' म्हणून दुकान पोर्टलला कमिशन देतं. वस्तूची किंमत आपल्याला सहसा तीच पडते. डेल्टाचंही असंच पोर्टल आहे. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच पोर्टलांचं पडद्यामागचं काम कार्टेरा नावाची एकच कंपनी बघते. पाट्या वेगवेगळ्या, गादी एकच!

माइल्सचा जन्म मात्र खरेदीसाठी झालेला नाही. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज योजना आणली आणि त्याच महिन्यात युनायटेडने आपली. जो वारंवार उडतो त्याला बक्षीस, अशी ती साधी कल्पना होती. आज घरातून पाऊल बाहेर न टाकता माइल्स जमतात.

रीत सोपी आहे, पण कडक आहे. आधी पोर्टलवर आपल्या खात्याने आत जायचं, तिथे दुकान शोधायचं, त्या बटणावरून दुकानाचं नवं पान उघडायचं आणि त्याच पानावर खरेदी पुरी करायची. मध्येच दुसरीकडून कुपन आणून लावलं तर बहुतेक वेळा माइल्स जातात. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं काही बसवलेलं असेल तर पोर्टलला आपण दिसतच नाही. गिफ्ट कार्डांवर सहसा काही मिळत नाही. हिशोब वस्तूच्या मूळ किमतीवर होतो, कर आणि पाठवणावळ सोडून. वस्तू परत केली की माइल्सही परत जातात, आणि ते योग्यच आहे. एका दुकानाने माझ्या लेकीचे माइल्स दोन महिने लटकवले होते. तिने ऑर्डरची ईमेल जपून ठेवली होती म्हणून तक्रार करता आली. आपल्या पिढीला पावती जपायला कोणी शिकवावं लागत नाही, पण मुलांना सांगा.

दर रोज बदलतात. आज एका डॉलरला एक माइल देणारं दुकान नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास पाच-सहाही देतं. शिवाय अमुक डॉलरची खरेदी पुरी करा, वरून इतके माइल्स घ्या, अशी आमिषंही त्याच दिवसांत येतात. त्यांच्याकडे मी जरा संशयानेच बघते. लेकीच्या ओळखीच्या एका बाईंनी अशा बोनसला शंभर-सव्वाशे डॉलर कमी पडतात म्हणून दुसरा मिक्सर घेतला. तो अजून गॅरेजमध्ये खोक्यात आहे.

आता हिशोब. मी १९८२ ची बी.कॉम., त्यामुळे वही पुढे घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. लेकीच्या घरची ऑनलाइन खरेदी महिन्याला साधारण ४०० डॉलर. सरासरी डॉलरला दोन माइल्स धरले तर महिन्याला ८००, वर्षाला ९,६००. एका माइलची किंमत ढोबळमानाने एक सेंट धरा, म्हणजे वर्षाचे ९६ डॉलर झाले. ४,८०० डॉलर खर्च करून हाती आले ९६, म्हणजे दोन टक्के. वाईट नाही, न मागता मिळतात. पण माइल्स चांगले मिळतायत म्हणून शंभर डॉलरची एक जरी नको असलेली वस्तू घरात आली, तर अख्ख्या वर्षाची कमाई धुऊन वर चार डॉलर अंगावर पडले. हे मी लेकीला आकडे मांडून दाखवलं तेव्हा जावईबापू शेजारून म्हणाले, "आई, हे फ्रिजवर लावून ठेवूया." लावलंही आहे.

आणखी एक गोष्ट कॉमर्सवालीच्या डोक्यात येतेच. त्याच दुकानासाठी राकुटेनसारख्या साइट रोख पैसे परत देतात. रोख तीन टक्के मिळत असताना दोन माइल्स घेतले, तर तो एक टक्का आपण सोडला. कॉलेजात अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणून शिकवलं होतं ते हेच. रोख पैसा कुठेही चालतो, माइल्स फक्त विमान कंपनीच्या दारात.

आणि त्या दारातला भाव कंपनीच ठरवते. युनायटेडने २०१९ मध्ये कुठल्या तिकिटाला किती माइल्स हा तक्ताच काढून टाकला. आता तारखेप्रमाणे आकडा बदलतो. त्याच वर्षी त्यांनी माइल्सची मुदत मात्र रद्द केली, हे चांगलं झालं. अमेरिकन एअरलाइन्समध्ये साधारणपणे २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर माइल्स बाद होतात. तिथे पोर्टलवरून घेतलेली छोटीशी वस्तूही खातं जिवंत ठेवते. आपल्याकडे किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा लोकांनी जमवलेल्या पॉइंट्सचं काय झालं, ते आठवतच असेल. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट्स निदान महाराजा क्लबात तरी गेले. म्हणून मी म्हणते, माइल्स म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. ती दुकानदाराने दिलेली चिठ्ठी आहे. दुकान उघडं असेल तोवर तिला किंमत.

ही चिठ्ठी कंपनीला मात्र केवढ्याला पडते ते बघा. २०२० साली कोविडमध्ये विमानं उभी राहिली तेव्हा युनायटेडने हीच माइलेजप्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. कारण बँका आणि दुकानं कंपनीकडून रोख पैसे देऊन माइल्स विकत घेतात आणि मग आपल्याला वाटतात. विमानं उडोत न उडोत, ती विक्री चालूच राहते. वडील असते तर म्हणाले असते, हळद शेतकऱ्याची, पोती तिसऱ्याची, आणि नफा गादीवर बसलेल्याचा.

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहपरिमाण आहे. शेती, घर, सोनं-चांदी, धन, धान्य, कपडे, भांडी, सगळ्याला स्वतःहून मर्यादा घालायची. यात माइल्स कुठे बसवायचे? काही जणी म्हणतात, ते पैसे नाहीतच, मोजायचे कशाला? मला हे पटत नाही. ज्याने विमानाचं तिकीट येतं ते धनच. आणि तत्त्वार्थसूत्राने तर परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेलीच नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. त्या मापाने पाहिलं तर खात्यात पन्नास हजार माइल्स शांत पडून असलेली बाई परिग्रही नसेलही, आणि रात्री झोपताना फोनवर तीनदा शिल्लक बघणारी पाचशे माइल्सची बाई असेल. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण मंदिरात बसून ऐकतो ते हेच, नाही का? आमच्या घरी नियम असा केला आहे: घरात काय संपलं, काय फाटलं, याची यादी आधी कागदावर करायची, दोन दिवस राहू द्यायची, आणि मगच पोर्टल उघडायचं. पोर्टल उघडून काय घेऊया असं बघत बसायचं नाही. चामड्याच्या आणि रेशमाच्या वस्तू आपण तशाही घेत नाही, मग तिथे कितीही पट माइल्स असोत.

अचौर्याचंही एक सांगते. माइल्ससाठी वस्तू मागवायची, माइल्स जमा होईपर्यंत ठेवायची आणि काही खोटं कारण देऊन परत करायची, किंवा एकाच माणसाची दोन-दोन खाती उघडायची, असे 'उपाय' सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर वेगळं काही लिहायला नको.

हे सगळं वाचून वाटेल, मग ही कटकट करायचीच कशाला? मीही काही दिवस हेच म्हणत होते.

माझ्या सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतलं होतं, जिल्ह्याबाहेर जायचं नाही. त्यामुळे नात परदेशी गेल्यावर भेटायचं तर तिनेच यायचं, हे ठरलेलंच होतं. गेल्या वर्षी त्यांनी महाराजांकडून नियम घेऊन एकेक पदार्थ सोडत आणला होता. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवूया म्हटलं तर हात जोडून म्हणाल्या, "मला घरी राहू द्या." मी लेकीला फोन केला तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजले होते. त्या आठवड्याचं एका बाजूचं तिकीट अठराशे डॉलरच्या घरात होतं. नातीच्या पाळणाघराची फी नुकतीच भरलेली, जावईबापूंची नोकरी बदलण्याच्या वाटेवर. ते दोघं कर्ज काढूनही आले असते, पण तिने आधी युनायटेडचं खातं उघडलं. युनायटेड, एअर इंडिया आणि लुफ्तान्सा या तिन्ही स्टार अलायन्समध्ये आहेत, त्यामुळे युनायटेडच्या माइल्सवर बाकी दोघांचीही तिकिटं काढता येतात. एअर इंडियात जागा नव्हती. लुफ्तान्साच्या फ्रँकफर्टमार्गे विमानात एकच सीट दिसत होती, पन्नास हजारांच्या आसपास माइल्सना. निम्म्याहून जास्त माइल्स चार वर्षांच्या डायपर-बुटांचे, उरलेले कार्डावरचे. वरचे कर तेवढे रोख भरले.

वहीत मी मांडलं, त्या दिवशी एक माइल साडेतीन सेंटांच्या वर पडला. पण यावरून कोणी असा अंदाज बांधू नका. ती सीट आणखी तासाभराने नसतीही, आणि परतीचं तिकीट आम्हाला पैसे देऊनच काढावं लागलं.

लेक तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचली. सासूबाई तोवर फक्त उकळलेलं पाणी घेत होत्या. तिने चमच्याने दोन घोट पाजले. दोघींनी एकमेकींची क्षमा मागितली. सासूबाईंनी तिला विचारलं, "किती खर्च केलास गं?" लेक म्हणाली, "काही नाही आजी, साठवलेलं होतं." चार दिवसांनी णमोकार मंत्र ऐकत त्या गेल्या.

एक कामाची गोष्ट राहिली. असं तिकीट एका कंपनीच्या माइल्सवर आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल तर जैन जेवण आपोआप येत नाही. जे विमान प्रत्यक्ष उडणार त्या कंपनीचा वेगळा बुकिंग नंबर मागून घ्या आणि तिला थेट फोन करून जैन जेवण मिळेल का ते विचारा. व्हीजेएमएल हा त्याचा कोड सांगितला की समोरच्याला पटकन कळतं. निदान दोन दिवस आधी तरी करा. लेकीला तेवढा वेळच नव्हता. ती फ्रँकफर्टपर्यंत घरून आणलेल्या खाकऱ्यांवर आली.

तिच्या खात्यात आता तीन हजारांच्या आसपास माइल्स उरले आहेत. परवा फोनवर म्हणाली, नातीचे शाळेचे बूट पायाला लागायला लागलेत. यादीत लिहिलेत, उद्या मागवेल.