फेसाचा घट्टपणा भिंतीत शोधा

हवा पातळ आणि पाणीही पातळ. पाण्याची श्यानता हवेच्या जवळपास पन्नासपट असली, तरी नळीतून दोन्ही विनासायास वाहतात. त्यांत थोडा साबण घालून फेस केला, की तोच ऐवज ढकलायला पाण्यापेक्षाही कितीतरी जास्त दाब लागतो. हा घट्टपणा येतो कुठून? बुडबुडे एकमेकांत अडकतात म्हणून, असे सहसा सांगितले जाते. माझे मत वेगळे आहे. गुळगुळीत, सरळ नळीत फेसाला होणारा विरोध त्याच्या पोटात नसतो. तो भिंतीलगतच्या पाण्याच्या अतिशय पातळ थरात असतो.

ठरावीक ताणापर्यंत फेस घन पदार्थासारखा वागतो, त्याचे बुडबुडे शेजार सोडत नाहीत. गुळगुळीत नळीत भिंतीवरचा ताण बहुधा त्या मर्यादेखालीच राहतो, म्हणून सगळा गाभा अखंड पुढे सरकतो. घसरण होते ती फक्त भिंत आणि बुडबुडा यांच्यामधल्या, मायक्रॉनच्या घरातल्या थरात. नळीतून जाणारा एकटा बुडबुडा असा थर मागे कसा ठेवतो, याचे गणित ब्रेदर्टन यांनी १९६१ मध्ये मांडले: थराची जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. वेग वाढला की थरही जाड होतो, म्हणून घर्षण वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट केला तर ते साधारण १.६ पट होते. यात साबणाची जातही बोलते. बल्गेरियातील डेन्कोव आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की बुडबुड्याचा पृष्ठभाग ताठ करणारा साबण असेल तर घर्षणाचा घात दोन-तृतीयांशावरून एक-द्वितीयांशावर येतो आणि दुप्पट वेगाला घर्षण सुमारे १.४ पटच होते. बुडबुड्यांमधले पापुद्रे भिंतीला जिथे टेकतात, तिथल्या पाणथळ कडांपाशी हे घर्षण एकवटते. त्यामुळे बुडबुडे बारीक केले, की भिंतीवर कडांची लांबी वाढते आणि विरोधही वाढतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तेलविहिरींच्या खडकात फेस सोडतात, तेव्हा नळी कुठे सरळ असते? अरुंद तोंडाशी पापुद्रे ताणले जातात, तुटतात, बुडबुडे शेजार बदलतात. खडबडीत भिंतीवरही फेस घसरू शकत नाही आणि आतूनच मोडतो. तिथे गाभ्याचा हिशेब करावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण त्याला मोडायला भाग पाडतो तो वाटेचा आकार आणि खडबडीतपणा, म्हणजे पुन्हा भिंतच. कोणी म्हणेल, पंप निवडायला एक सरासरी श्यानता पुरेशी आहे. ती पुरत नाही, कारण नळीचा व्यास बदलला की त्याच फेसाचा आकडा बदलतो. म्हणून फेसाची श्यानता छापणाऱ्यांना माझी विनंती आहे: आकड्याशेजारी नळीचा व्यास, भिंतीचा पोत, वेग, बुडबुड्यांचा आकार आणि साबणाचे नाव जरूर द्या.