बॅकअप घेतलाय, पण ठेवलाय कुठे?

'बॅकअप ना? रोज घेतो की!' धाराशिवला कापडाचं दुकान चालवणारे माझे मामा ठसक्यात सांगतात. टॅलीतला सगळा हिशेब पेनड्राइव्हवर. आणि पेनड्राइव्ह? कॉम्प्युटरखालच्याच ड्रॉवरमध्ये! म्हणजे आग लागली किंवा पाणी शिरलं, तर दोन्ही एकदमच जाणार.

या जिल्ह्याने असा एक दिवस पाहिलाय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारचा सुमार. भूकंपात लातूरमधलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबादमधलं सास्तूर आणि आसपासच्या कितीतरी गावांतली दगडमातीची घरं कोसळली. हजारो माणसं गेली. त्या दुःखापुढे हिशेबाच्या वहीचं काय एवढं, असं वाटेल. पण वाचलेल्यांना पुन्हा उभं राहायचंच होतं. उधारी कुणाकडे, देणं कुणाचं, हे लिहिलेली वहीच घरासकट ढिगाऱ्याखाली गेली, तर दुकानदाराने सुरुवात कुठून करायची?

म्हणून ३-२-१ चा नियम. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मामांपुरतं बोलायचं तर एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि तिसरी क्लाउडवर. काम झालं की पेनड्राइव्ह काढून ठेवायचा, नाहीतर फायलींना कुलूप लावणारा व्हायरस त्यातही शिरतो. शिवाय महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. तो उघडलाच नाही, तर रोजची मेहनत फुकट!

तुमच्याही घरचं गावाकडे दुकान असेल, तर आज फोनवर 'जेवलात का?' नंतर एवढं विचाराच : बॅकअप कुठे ठेवलाय?