फर्मा

पुस्तकांचे कपाट दुरून पाहिले, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही दिसत नाही. चार फळ्या, दोन दारे आणि आत दाटीवाटीने उभी राहिलेली पुस्तके. पण एखादा कप्पा रिकामा असेल, तर जरा आत डोकावून पाहावे. दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांवर, एक पुढच्या कडेजवळ आणि एक मागच्या कडेजवळ, अशा बारीक भोकांच्या रांगा खालून वर गेलेल्या दिसतील. या भोकांत चार लहान खुंट्या बसवायच्या आणि त्यांवर आडवी फळी नुसती ठेवायची. उंच पुस्तक आले, की खुंट्या काढून दोन भोके वर लावायच्या. झाले काम! ग्रंथालय हे सतत वाढत जाणारे असते, असे ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 साली आपल्या ग्रंथात मांडले. वाढणाऱ्या मुलाला जसा सैल सदरा, तसे वाढणाऱ्या ग्रंथसंग्रहाला हे हलत्या फळ्यांचे कपाट. फळ्या कायमच्या ठोकलेल्या असल्या, म्हणजे नकाशांच्या थोरल्या पुस्तकाला बिचाऱ्याला आडवे पडूनच दिवस काढावे लागतात.

असेच एक कपाट सावंतवाडीतील एका वृद्ध सुताराच्या पडवीत तयार होत होते. सावंतवाडी हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध. पण या सुताराने खेळणी कधी केली नाहीत. दारे, खिडक्या, पलंग आणि कपाटे यांतच त्याचे आयुष्य गेले होते. जवळच्या एका शाळेने आपल्या वाचनालयासाठी सागवानी कपाट सांगितले होते, आणि शाळा उघडण्यापूर्वी ते पोचते करायचे होते. मे महिना संपत आला होता. मदतीला होता सुट्टीत आलेला नातू. तो नुकताच सातवीत गेलेला, हाताने चपळ आणि गणितात हुशार. आणि आपण गणितात हुशार आहोत हे त्याला थोडे जास्तच ठाऊक होते.

कपाट चार फूट उंच होते. प्रत्येक रांगेत 25 भोके, आणि अशा रांगा चार. म्हणजे एकंदर शंभर भोके पाडायची होती. आजोबांनी डावी फळी स्वतः घेतली. मोठ्या लोखंडी कर्कटकाची दोन टोके सव्वा इंचावर धरून ते फळीवर पावले टाकीत गेले, आणि प्रत्येक पावलाच्या खुणेवर त्यांनी भोक पाडले. त्या एका फळीला त्यांना दोन दिवस लागले. पूर्वी ते दोरीने फिरणाऱ्या सामत्यानेसुद्धा एवढे काम एका सकाळी उरकीत. आता हातात विजेचे ड्रिल असूनही ते पुन्हा पुन्हा थांबत, चष्मा पुसत आणि खुणेवरून बोट फिरवून पाहत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, “उजवी फळी तू कर रे. सव्वा सव्वा इंचावर भोके. पहिले भोक खालून नऊ इंचांवर.”

नातवाने टेप हाती घेतली. टेपेच्या एका कडेवर इंच होते आणि दुसऱ्या कडेवर मिलीमीटर. आपल्या देशाने 1956 साली कायदा करून दशमान मापे स्वीकारली. शाळेत मुले तीच शिकतात. सुतारांच्या तोंडी मात्र आजही फूट, इंच आणि सूत आहेत. आठ सुतांचा एक इंच, आणि सव्वा इंच म्हणजे दहा सूत. मुलाने मनातल्या मनात हिशेब केला : एक इंच म्हणजे 25.4 मिलीमीटर, म्हणून सव्वा इंच म्हणजे 31.75. आता हा पाव मिलीमीटर कशाला हवा? त्याने सरळ 32 धरले. बत्तीस, चौसष्ट, शहाण्णव असा पाढा म्हणत म्हणत त्याने अर्ध्या तासात खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भोकेही पाडली. खुणा सुबक होत्या, भोके गोल होती, आणि आपण आजोबांच्याही पुढे गेलो याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हता.

कपाट उभे केले. पहिली फळी सर्वांत खालच्या खुंट्यांवर ठेवली, ती अगदी ऐटीत बसली. दुसरी मधल्या भोकांवर ठेवली. ती बसली खरी, पण डोळ्यांना काहीतरी खटकत होते. तिसरी फळी वरच्या, पंचविसाव्या भोकांवर ठेवली आणि मुलाने सहज आपली पेन्सिल तिच्यावर ठेवली. पेन्सिल हळूहळू डावीकडे घरंगळत गेली.

दोघेही काही क्षण गप्प राहिले.

मुलाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आजोबांची नजर चुकली. त्यांचे चष्मा पुसणे, खुणा चाचपणे त्याने पाहिले होते. पण हे बोलावे कसे? ज्यांच्या हाताची दारे पन्नास वर्षे गावातल्या घरांतून न कुरकुरता उघडतात आणि मिटतात, त्यांना ‘तुम्हांला आता दिसत नाही’ असे कोणी म्हणावे? तो म्हणाला, “आजोबा, माझंच चुकलं असेल.” आजोबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते डाव्या फळीवरच्या आपल्या भोकांवरून बोट फिरवीत होते. त्यांच्याही मनात तोच संशय होता, आणि त्यांना तो मुलापेक्षा कितीतरी अधिक बोचत होता. त्या रात्री आजोबा जेवले, पण कामाविषयी एक शब्द बोलले नाहीत.

सकाळी उठून मुलाने टेप घेतली आणि डावी फळी मोजली. पहिल्या भोकापासून पंचविसाव्या भोकापर्यंत बरोबर 30 इंच. भोके पंचवीस, म्हणून त्यांमधली अंतरे चोवीस. चोवीस वेळा सव्वा इंच म्हणजे तीसच. आजोबांच्या कामात केसभरही फरक नव्हता! मग त्याने उजवी फळी मोजली. चोवीस वेळा 32, म्हणजे 768 मिलीमीटर. तेही बरोबर. मग तो दचकला आणि त्याने टेपेच्या दोन्ही कडा एकदम पाहिल्या. 30 इंच म्हणजे 762 मिलीमीटर. ज्या पाव मिलीमीटरला त्याने क्षुद्र म्हणून टाकून दिले होते, तो चोवीस वेळा साठून पुरता 6 मिलीमीटर झाला होता. म्हणजे भोकाच्या रुंदीहूनही मोठा!

तो धावतच आजोबांकडे गेला. “आजोबा, तुमचं बरोबर आहे! माझंही बरोबर आहे, पण आपली मापं वेगळी आहेत.” आजोबांनी सगळा हिशेब नीट ऐकून घेतला, पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि मग ते मोठ्याने हसले. त्या हसण्यात मुलाचे कौतुक किती आणि स्वतःची सुटका किती, हे सांगणे कठीण. मग ते म्हणाले, “अरे, फळीला इंचही कळत नाही आणि तुझा मिलीमीटरही कळत नाही. तिला चार खुंट्या एका पातळीत हव्यात, एवढंच कळतं. दोघांनी दोनदा मोजलं तिथंच घोटाळा झाला. आता एकदाच मोजू. फर्मा करू.”

फर्मा म्हणजे काय, हे शिंप्याच्या दुकानात बसणाऱ्याला सांगावे लागणार नाही. एकदा काळजीने आखायचे, कापायचे, आणि पुढची सगळी कामे त्यावरून करायची. कारखान्यांत भोके पाडण्याच्या अशा फर्म्याला जिग म्हणतात. आजोबांनी शिसवीची एक अरुंद पट्टी काढली. लाकूड कठीण हवे, कारण मऊ लाकडाची भोके वापरून वापरून सैल होतात आणि मग फर्माच खोटे बोलू लागतो. कारखान्यांत याच कारणासाठी त्या भोकांत पोलादी नळ्या बसवतात. कर्कटक या वेळी मुलाच्या हाती दिले. चोवीस पावले टाकून झाली, तेव्हा टोक तीस इंचांच्या खुणेच्या अर्धा सूत पुढे गेले. आजोबा म्हणाले, “टोकं जरा मिट.” दुसऱ्या खेपेला ते थोडे मागे राहिले. तिसऱ्या खेपेला बरोबर खुणेवर पडले. सबंध सकाळ या एका पट्टीत गेली. पण ही सकाळ वाया गेली असे कोणी समजू नये. फर्म्यात झालेली चूक ही एक चूक नसते. ती मोठ्या टापटिपीने शंभर वेळा उमटते, आणि सगळीकडे सारखीच असल्यामुळे लवकर ओळखूही येत नाही.

पट्टीतली भोके सरळ पडावीत, म्हणून ती शेजारच्या कारखान्यातल्या उभ्या ड्रिलवर पाडून आणली. मग पट्टीच्या एका टोकाला आजोबांनी एक ठोकळा बसवला. हा ठोकळा उभ्या फळीच्या तळाला टेकवायचा, म्हणजे पहिले भोक आपोआप नऊ इंचांवर येते. ड्रिलच्या बिटावर त्यांनी लाकडाचा एक पोकळ तुकडा ओवला. बिट फळीत चार सूत शिरले, की तो तुकडा फर्म्यावर टेकतो आणि ड्रिल पुढे जात नाही. फळी आठ सूत जाड. हा अडसर नसता, तर एखाद्या बेसावध क्षणी भोक आरपार जाऊन बाहेरून दिसले असते.

आता उजव्या फळीवरच्या पन्नास चुकलेल्या भोकांचे काय? सागाच्याच बारीक खुंट्या सरसात बुडवून त्यांत ठोकल्या आणि वरून रंधा फिरवला. नव्या रांगा एक-एक इंच आत घेतल्या. असे केलेले चालते. कारण डाव्या आणि उजव्या बाजूच्या खुंट्या समोरासमोर नसल्या तरी बिघडत नाही, त्यांची उंची तेवढी एक हवी.

पहिली रांग झाली. पहिले भोक पाडल्यावर त्यात फर्म्यातून एक खिळा घातला, म्हणजे फर्मा हलणार नाही. दुसऱ्या रांगेसाठी मुलाने फर्मा उचलला आणि फळीच्या दुसऱ्या कडेशी आणताना घाईने उलटा फिरवला. ठोकळा आता फळीच्या डोक्याकडे आला होता. तो ड्रिल सुरू करणार, इतक्यात आजोबांनी हाताने फळीचा तळ चाचपला. “ठोकळा कुठं आहे रे? पायाकडे पाय हवा!” मुलाने जीभ चावली, फर्मा नीट केला आणि त्यावर पेन्सिलीने बाण काढून ‘खाली’ असे लिहिले. आजोबांनी तो शब्द पटाशीने कोरला, म्हणजे पुसला जाणार नाही आणि बोटालाही कळेल.

ही युक्ती काही या पडवीतच प्रथम सुचली असे नव्हे. 1785 साली पॅरिस येथे ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने बंदुकांच्या पन्नास चापांचे सुटे भाग वेगवेगळ्या खणांत घालून अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले, आणि ते बिनचूक जुळले. त्यापूर्वी एका बंदुकीचा भाग दुसरीला बसवायचा, तर कानस घेऊन घासावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कपाटे कारखान्यांतून भराभर होऊ लागली, तेव्हा तेथील कारागिरांनी भोकांचे अंतर ठरवून टाकले. आणि गंमत अशी, की ते होते नेमके 32 मिलीमीटर! भोक 5 मिलीमीटरचे आणि पुढच्या कडेपासून 37 मिलीमीटर आत. एका ओळीत अनेक ड्रिले फिरवणाऱ्या यंत्रांत दोन ड्रिले त्याहून जवळ आणणे त्या काळी जमत नव्हते, असे सांगतात. हे ऐकले असते, तर सातवीतला तो मुलगा छाती काढून चालला असता.

शेवटची रांग उरली, तेव्हा आजोबांनी ड्रिल मागून घेतले. मृगाच्या पहिल्या सरी सुरू झाल्या होत्या आणि पडवीत अंधारून आले होते. मुलगा दिवा लावायला उठला. आजोबांनी त्याला खूण करून बसवले. डाव्या हाताच्या बोटाने ते फर्म्यावरचे पुढचे भोक शोधीत, बिट त्यात टेकवीत, आणि तुकडा फर्म्यावर टेकल्याचा ‘टक्’ असा आवाज आला की पुढे सरकत. एकदाही त्यांनी चष्मा पुसला नाही. पंचवीस भोके पुरी व्हायला अर्धा तासही लागला नाही.

सर ओसरल्यावर कपाट पुन्हा उभे राहिले. मुलाने वरच्या फळीवर पेन्सिल ठेवली, आणि दोघेही वाकून पाहू लागले. पेन्सिल जागची हलली नाही. पावसाने लाकूड फुगून फळी पुन्हा तिरपी होईल काय, अशी शंका मुलाने काढली. आजोबा म्हणाले, “लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या रांगा लांबीत आहेत.” मग त्यांनी फर्मा उचलून गुण्याशेजारच्या खिळ्याला अडकवला. त्यावर एका बाजूला त्यांनी ‘10 सूत’ असे कोरले होते. त्याखाली मुलाने बारीक अक्षरांत ‘31.75 मि.मी.’ असे लिहून ठेवले.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी टेंपो आला. कपाट ताडपत्रीत गुंडाळले जात असताना आजोबांनी मुलाला हाक मारली आणि त्याच्या हातात एक कागदी पुडी दिली. तिच्यात जादा खुंट्या होत्या. “मुलं खुंट्या हरवतात,” ते म्हणाले, “वाचनालयाच्या गुरुजींना आठवणीने दे.”