डागी आंब्याचा हिशेब

भिवंडीत वर्षभर मागांची खटखट; एप्रिल लागला की आमच्या घरात तिच्या जोडीला पेंढ्याचा वास यायचा. कोकणातून एसटीच्या टपावरून लाकडी पेटी येई. खिळे उपसून गवत बाजूला केलं की आजी पुढे सरसावायची. आंबा तळहातावर घ्यायचा, देठापाशी अंगठा अलगद टेकवायचा, नाकाशी न्यायचा, की निकाल तयार: हा आढीत, हा उद्याला, हा आजच चिरा. फळीला घासलेला, खालच्या थरात दबलेला, उतरवताना आपटलेला, असे तिन्ही मार तिला वेगवेगळे कळत. डाग रुपयाएवढा असला तर तेवढा कापून फोडी, मोठा असला तर रस.

आता मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामंच गोदामं. मुंबईच्या जकातीबाहेरची स्वस्त जागा म्हणून ती आली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. घरपोच फळांचा मालही तिथे उतरतो. पेटीची जागा पुठ्ठ्याच्या खोक्याने आणि प्लास्टिकच्या क्रेटने घेतली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’ने आंबा देठासकट खुडला जाऊन जाळीत पडतो, म्हणून मारही कमी लागतो.

पण लागलेला मार ओळखणं सोपं नाही. कच्च्या हापूसची साल काही सांगत नाही. आत पेशी फुटतात, प्राणवायू आणि विकरांमुळे गर तपकिरी होतो, आणि हे बऱ्याचदा फळ पिकल्यावर उघड होतं. म्हणून प्रयोगशाळेत फळ ठरावीक उंचीवरून पाडतात, काही दिवस ठेवून चिरतात, डागाची रुंदी-खोली मोजून घनफळ काढतात. फळाएवढा, आत आघातमापक बसवलेला गोळाही असतो. प्रतवारीच्या पट्ट्यावर फळांसोबत सोडला की कुठे किती जोरात आदळला ते नोंदवतो. अवरक्त प्रकाशाने तर न चिरताही आतलं टिपता येतं.

डाग केवढा, हे यंत्राला आजीपेक्षा नेमकं कळतं, यात वादच नाही. मात्र गोदामात निकाल दोनच: पास किंवा रिजेक्ट. आजीचं मोजमाप संपायचं ते फळ कुणाच्या ताटात आणि कधी जाणार, हे ठरवून. इतकी अचूक मोजणी हाताशी असताना ‘आजच चिरा’ हा तिसरा रकाना का नसावा?